बागेतले प्रश्न : बोगनवेल

होळीनंतर खान्देशातल्या बाकीच्या बागा माना टाकतात आणि बोगनवेल तेवढी फुललेली असते. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं तिच्याबद्दलच आहेत, म्हणून हे सदर तिलाच दिलं आहे.

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात लिहिलंय की बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हे. मग फूल कुठे असतं? – एक वाचक, अमळनेर

पुस्तक बरोबर आहे. एक झुबका तोडून मुलीच्या हातात द्या. कागदासारखी तीन रंगीत पानं दिसतील. एक पान अलगद सोडवून आतली बाजू वर करा. मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी उभी असते. ती दीड-दोन सेंटिमीटर लांब, बाहेरून किंचित लवदार आणि टोकाला पांढरट-पिवळसर चांदणी असलेली दिसेल. ही नळी म्हणजे फूल. ब्लेडने उभी चिरली तर आत आठाच्या आसपास केसर आणि तळाशी किंजपुट दिसतं. तीन पानं, तीन फुलं असा हिशेब. मात्र तिन्ही चांदण्या एकाच दिवशी उघडत नाहीत.

रंगीत पानांना वनस्पतिशास्त्रात छद म्हणतात. गंमत पुढे आहे. ती पांढरी चांदणीसुद्धा पाकळ्यांची नाही. बोगनवेलीच्या कुळातल्या फुलांना पाकळ्या नसतातच, नळी बनते ती निदलांची, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली असणाऱ्या हिरव्या दलांची. अंगणातली गुलबाक्षी याच कुळातली, आणि पावसाळ्यात बांधावर पसरणारी पुनर्नवा, म्हणजे घेटुळीही. गुलबाक्षीचा रंगीत कर्णा निदलांचाच असतो आणि त्याच्या तळाशी जे हिरवं निदलपुंज वाटतं ते छद असतात. मुलीला दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

‘महारा’सारख्या दुहेरी जातींत नळ्या जवळपास नसतात, त्यांच्या जागीही छदच येतात. त्यामुळे झुबका भरगच्च दिसतो, पण सुकल्यावर गळून पडत नाही. तपकिरी चोथा फांदीला तसाच चिकटून राहतो आणि हाताने कापून काढावा लागतो. एवढा वेळ नसेल तर साधी, तीन पानांची जात लावावी.

प्रश्न : बाजारात एक जण निळ्या बोगनवेलीचं रोप दुप्पट भावाने विकत होता. फोटोही दाखवला. घ्यावं का? – एक वाचक, नंदुरबार

घेऊ नका. जांभळ्याकडे झुकणारी बोगनवेल असते, निळी नसते, आणि त्याचं कारण रंगद्रव्यात आहे. गोकर्ण, जास्वंद यांच्या लाल-निळ्या रंगांमागे अँथोसायनिन असतं. बोगनवेलीत ते नाही. तिच्यात बीटालेन गटातली द्रव्यं असतात, बीटरुटला रंग देणारी तीच. त्यांचा पल्ला पिवळा, नारिंगी, लाल, किरमिजी, जांभळट एवढाच. एकाच झाडात ही दोन्ही द्रव्यं एकत्र सापडत नाहीत.

घरी पाहायचं असेल तर गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाका आणि त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळा, ते लगेच जांभळं-गुलाबी होईल. किरमिजी बोगनवेलीचे छद मात्र थंड पाण्यात कुस्करून गाळून घ्या, कारण उकळल्यावर हा रंग विरतो. त्यात लिंबू पिळलं तरी रंग फारसा हलत नाही. फोटोतला निळा रंग मोबाइलवर केलेला असतो.

प्रश्न : चार वर्षांची बोगनवेल गच्चीपर्यंत गेली, पानं तळहाताएवढी, काटेही भरपूर, पण फूल नाही. रोज पाणी घालतो, महिन्याला युरिया देतो. मोरीचं पाणीही तिकडेच जातं. काळी माती आहे. – एक वाचक, भुसावळ

तुमच्या पत्रात प्रश्न आणि उत्तर दोन्ही आहेत. लाड कमी करा.

काटे भरपूर आहेत हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पानाच्या बगलेत जिथून काटा निघतो तिथूनच फुलोरा निघतो. काटा हा फुलोऱ्याचाच बदललेला दांडा आहे. पाणी आणि नत्र मुबलक मिळालं, दिवस मोठे असले की त्या जागी काटा होतो आणि फांदी पुढे पळते. दिवस लहान झाले, पाण्याचा ताण पडला की तिथेच फुलोरा येतो. म्हणून आपल्याकडे दिवाळीनंतर बहर सुरू होतो. मूळची ही वेल दक्षिण अमेरिकेतली. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या १७६६ ते १७६९ च्या जगप्रदक्षिणेत कॉमर्सां या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ब्राझीलमध्ये टिपली, आणि नाव पडलं कप्तानाचं.

आता काय करायचं. मोरीचं पाणी आधी वळवा, ते चालू असेपर्यंत बाकीचं काही लागू पडणार नाही. आपली काळी माती पाणी धरून बसते. वरून भेगा पडल्या तरी हातभर खाली ओल असते. खोडापासून दीड-दोन फुटांवर एका बाजूने फूटभर रुंद आणि दीड फूट खोल चर घ्या आणि त्यात मुरूम भरा. काही मुळं तुटतील. एका बाजूचीच असल्याने चालतं, उलट वाढीला लगाम बसतो. चारही बाजूंनी चर मात्र घेऊ नका.

युरिया पूर्ण बंद. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) सुद्धा नको. केळीला ठिबकातून सोडायचं ०:०:५० (नत्र नसलेलं पालाशाचं खत) घरात असेल तर लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा, दोन बादल्या पाणी मुळाशी द्या. ते नसेल तर दोन ओंजळी लाकडाची राख देण्याच्या फंदात पडू नका. आपली माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची आहे.

छाटणी दोनदा. जूनच्या पहिल्या पावसाआधी निम्म्यापर्यंत कडक, आणि सप्टेंबरअखेर फक्त शेंडे. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून सप्टेंबरनंतर कात्री ठेवून द्यायची. जानेवारीत ‘जरा नीटनेटकी’ करायला गेलात तर कळ्याच कापाल.

पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन-तीन आठवडे ताण द्या. सकाळी सातला कोवळे शेंडे वाकलेले दिसले की भरपूर पाणी द्या आणि पुन्हा थांबा. खूण सकाळचीच धरायची. दुपारी पंचेचाळीस अंशांत सगळीच झाडं माना टाकतात, ती तहान असतेच असं नाही. हा ताण मे महिन्यात द्यायचा नाही, विशेषतः कुंडीतल्या झाडाला. गच्चीवरच्या काळ्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. कुंडी दोन विटांवर ठेवा आणि उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी द्या.

एवढं करूनही फूल नसेल तर ऊन मोजा. सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळं वाया. कडुनिंबाखाली बोगनवेल फुलत नाही.

प्रश्न : एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी झुबके येत होते. यंदा दोन फांद्या पूर्ण गुलाबी झाल्या. रोग आहे का? – एक वाचक, धुळे

रोग नाही. तुमची जात बहुधा ‘मेरी पामर’. किरमिजी ‘मिसेस बट’ या जातीच्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून ही भारतातच मिळाली. ‘मिसेस बट’ स्वतः कोलंबियातल्या कार्टाजेना शहरातून १९१० मध्ये त्रिनिदादला नेलेली संकरित बोगनवेल. ‘मेरी पामर’च्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशींचे थर असतात. एका थरात रंग बनतो, दुसऱ्यात बनत नाही. कोणता थर वरचढ ठरेल त्यावर झुबका पांढरा, गुलाबी किंवा अर्धा-अर्धा होतो. पूर्ण गुलाबी फांद्या जोमदार असतात आणि हळूहळू झाड व्यापतात, म्हणून त्या बुडापासून काढा. नवीन रोपं करायची तर मिश्र झुबके असलेल्या फांदीचीच घ्या. पानावर मधोमध पिवळा डाग आणि झुबके असेच दुरंगी असतील तर ती ‘थिम्मा’, ‘मेरी पामर’चीच लेक.

नारिंगी झुबके चार दिवसांनी गुलाबी होतात अशीही तक्रार येते. अनेक नारिंगी जातींचा तो स्वभावच आहे.

प्रश्न : कलमं लावली. पंधरा दिवसांत हिरवे कोंब फुटले आणि नंतर सगळी वाळली. काय चुकलं? – एक वाचक, शहादा

कोंब म्हणजे मुळं नव्हेत. काडीतल्या साठ्यावर कोंब फुटतात, मुळांना सहा ते दहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात ऊन किंवा वारा लागला की काडी आटते.

पेन्सिलीएवढी जाड, पक्व, तपकिरी काडी घ्या. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, त्यावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही. मूळ फुटायची पावडर लावून जादा झटका. निम्मी जाड वाळू, निम्मं कोकोपीट. काळी माती अजिबात नको, त्यात बूड कुजतं. दोन डोळे आत, दोन बाहेर. सावलीत ठेवा, वरून पॉलिथिनची पिशवी उलटी घाला. आपल्याकडे जुलै-ऑगस्ट उत्तम. मार्चनंतर नादी लागू नका.

मूळ आलं का ते उपटून पाहू नका. बोगनवेलीची मुळं खडूसारखी तुटतात, मातीचा गोळा फुटला की रोप गेलं. पिशवी ब्लेडने कापून गोळ्यासकट लावा. पांढऱ्या, दुहेरी आणि चट्टेरी पानांच्या जाती काडीने अवघड जातात, त्यांना गुटी बांधावी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणावीत.

प्रश्न : कुंडीतल्या बोगनवेलीची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरचं पाणी देतो. – एक वाचक, चोपडा

लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण जड पाण्याने माती आणखी विम्ल झाली की मुळांना ते उचलता येत नाही. दुकानात लोहाचं चिलेट (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) मागताना ‘ईडीडीएचए’ असं स्पष्ट सांगा, मुळाशी द्यायचं ते हेच. साधं ‘ईडीटीए’ असल्या मातीत टिकत नाही. ईडीटीए असेल तर ते लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. आधी कुंडीचं भोक मात्र तपासा. ते बुजून पाणी साचलं असेल तरी पानं अशीच दिसतात.

प्रश्न : बांधावर बोगनवेलीचं कुंपण करायचं आहे. किती अंतर? – एक वाचक, साक्री

तीन ते चार फूट. मुरमाड जमिनीत दीड फुटाचा खड्डा, दोन पाट्या शेणखत, लावणी जुलैत. पहिली दोन वर्षं जूनमध्ये छाटून बुडापासून फांद्या वाढवा, नाहीतर कुंपण वरून दाट आणि खालून शेळ्यांना मोकळं राहतं. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी गोळा करा. वाळलेला काटा सायकलच्या टायरात आणि चपलेच्या तळव्यातूनही आरपार जातो.