थंडीत मासे बाहेर ठेवायचेत? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

बाहेरच्या हौदातल्या आणि पाँडमधल्या माशांबद्दल बरेच प्रश्न साठलेत, सगळे घेणं शक्य नाही पण जे फिरून फिरून येतात ते घेतेय. आधीच सांगते, 'काही करू नका' हे उत्तर आज बऱ्याचदा येईल. थंडीत मासे गारठ्याने मरतात त्यापेक्षा आपल्या हौसेने जास्त मरतात असं माझं स्पष्ट मत आहे.

ताई, पाण्यावर बर्फाचा थर आला तर खालचे गोल्डफिश पण गोठतील ना? अख्ख्या पाँडला हीटर लावू का?

नाही गोठत. पाणी गार होत होत जड होत जातं पण ते साधारण 4 अंशांपर्यंतच, त्याच्या खाली गेलं की उलट हलकं व्हायला लागतं, म्हणून बर्फ आणि अगदी गार पाणी वर राहतं आणि 4 अंशांच्या आसपासचं पाणी तळाशी बसतं. मासे तिथेच जाऊन पडून राहतात, जेमतेम कल्ले हलवत. माशाचं रक्त गोठायला पाणी शून्याच्या खाली साधारण अर्धा अंश जावं लागतं आणि बर्फाखालचं गोडं पाणी शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे तळाला पाणी शिल्लक आहे तोवर गोठायची भीती नाही. फक्त ते शिल्लक राहिलं पाहिजे, म्हणजे खोली हवी. गोल्डफिशला निदान 60-75 सेंमी, कोईला (म्हणजे रंगीत जपानी कार्प) एक मीटरच्या वर, आणि जिथे आठवडेच्या आठवडे बर्फ राहतो तिथे अजून जास्त. आणि ते बर्फात गोठलेला गोल्डफिश वितळून पोहायला लागला वाले व्हिडिओ बघून कुणी प्रयोग करू नका प्लीज, शरीराच्या आतपर्यंत बर्फ झालेला गोल्डफिश परत येत नाही. अंटार्क्टिकातल्या काही माशांच्या रक्तात बर्फ धरू न देणारी प्रथिनं असतात, आपल्या गोल्डफिशकडे तसलं काही नाहीये.

हीटरचं म्हणाल तर अख्खा पाँड गरम करणं म्हणजे वीज हवेत सोडणं. शिवाय अर्धवट गरम पाण्यात मासा धड झोपत नाही आणि धड जागा पण नसतो, भूक लागते, घाण करतो, आणि एखाद्या रात्री लाईट गेली की पाणी झपकन खाली येतं. मासा हळूहळू आलेली थंडी सोसतो, अचानक आलेली नाही.

मग बर्फ फोडायचा की नाही? नवरा हातोडा घेऊन तयारच आहे.

हातोडा काढून घ्या त्यांच्या हातातून! बर्फावर घाव घातला की धक्का पाण्यातून थेट माशांपर्यंत जातो, आणि ते तळाशी अगदी मंदावलेले असतात, पळायची ताकद नसते.

पण बर्फात भोक हवं हे मात्र खरं. किती लोकांना वाटतं की भोक फक्त ऑक्सिजन आत जायला असतं, त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे आतलं बाहेर जायला. तळाशी पालापाचोळा आणि गाळ कुजत असतो, थंडीत सावकाश का होईना पण कुजतोच, त्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि कधी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि वर बर्फाचं झाकण घट्ट बसलेलं असतं. ऑक्सिजनची बाजू तशी बरी असते, 0 अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण 14.6 मिलिग्रॅम मावतो, 25 अंशांना जेमतेम 8.3, आणि माशाची गरजही तेव्हा अगदी कमी असते. पण बर्फावर हिम साचलं की उजेड बंद, शेवाळ आणि झाडं ऑक्सिजन करायचं थांबवतात आणि कुजणं मात्र चालू, थंड प्रदेशातल्या उथळ तळ्यांमधे हिवाळ्याअखेर मासे तरंगताना दिसतात ते बरेचदा यामुळेच. म्हणून बर्फ राहू दे पण वरचं हिम हलक्या झाडूने बाजूला करत जा, पाँडवर पाय न ठेवता.

भोक करायला गरम पाण्याने भरलेलं पातेलं बर्फावर ठेवा, वितळत वितळत स्वतःच गोल पडतं (पातेल्याला दोरी बांधा, नाहीतर ते खाली जाईल). कडाक्याची थंडी लांबणार असेल तर तरंगता डी-आयसर घ्या, तो फक्त एक गोल मोकळा ठेवतो, पाँड गरम करत नाही. एअर पंप असेल तर तोही चालतो पण एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) तळाशी टाकू नका, वरच्या पाव भागात टांगा, तळाशी टाकला की बुडबुडे खालचं 4 अंशांचं पाणी वर आणतात आणि वरचं गार पाणी खाली पाठवतात, म्हणजे माशांची एकमेव उबदार जागा आपणच मोडतो.

जाता जाता एक गंमत. गोल्डफिश आणि त्यांचा भाऊबंद क्रुशियन कार्प हे ऑक्सिजन संपला तरी बराच काळ तगतात, कारण त्यांच्या शरीरात साठणारं लॅक्टिक ॲसिड ते अल्कोहोलमधे बदलून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. 2017 साली ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी यामागची जनुकं दाखवली, बर्फाखालच्या क्रुशियन कार्पच्या रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडू शकतं, म्हणजे बऱ्याच देशांत गाडी चालवायला मनाई होईल इतकं. पण ह्याच्यावर विसंबून भोक बंद ठेवू नका, कोईला ही कला येत नाही.

थंडीत खायला किती द्यायचं? मासे वर येऊन तोंड उघडतात, बघवत नाही.

बघवत नाही म्हणूनच मारून टाकतो आपण त्यांना. मासा थंड रक्ताचा, पाणी 10 अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो आणि पचनही तितकंच मंदावतं. दुपारी जरा ऊन पडलं, वरचा थर थोडा कोमट झाला की ते वर येतात आणि दिलं तर खातात पण, रात्री पाणी परत 5 अंशांपर्यंत उतरतं आणि पोटातलं तसंच पडून राहतं. शिवाय जे खाल्लं नाही ते कुजून त्याचा विषारी अमोनिया होणार, आणि तो खाणारे फिल्टरमधले जिवाणू 10 च्या खाली ढेपाळतात, 4-5 ला जवळपास बंदच.

तेव्हा हवेकडे बघून ठरवू नका, दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडा, खाली, जिथे मासे बसतात तिथे. 15 च्या वर नेहमीचं फीड, 10 ते 15 मधे कमी प्रथिनांचं, गव्हाच्या अंकुराचं म्हणजे व्हीट जर्मचं, दिवसाआड आणि थोडंच, आणि 10 च्या खाली बंद. पूर्ण बंद, 'एक चिमूट' पण नाही. शरद ऋतूत नीट खाऊन चरबी साठवलेला निरोगी मासा महिनोन्महिने उपाशी राहतो, वर शेवाळ-बिवाळ चोचत असतोच.

माझ्याकडे कॉमेट, ओरांडा आणि टेलिस्कोप एकाच पाँडमधे आहेत. सगळे गोल्डफिशच आहेत तर चालेल ना बाहेर?

नाही चालणार. कॉमेट, शुबुंकिन आणि साधा गोल्डफिश, लांबट अंगाचे, हे बाहेर बिनधास्त. ओरांडा, टेलिस्कोप, रयुकिन, लायनहेड, बबल आय ह्यांचं अंग निवडून निवडून गोल केलंय, आतडी आणि वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) कोंबून बसवल्यासारखे, थंडीत ते उलटे तरंगायला लागतात. पाणी 12 च्या आसपास उतरायच्या आत त्यांना आत घ्या, आणि आत म्हणजे हीटरशेजारी नाही, न तापवलेल्या खोलीतल्या टँकमधे, दिवसाला एक-दोन अंशच बदलतील असं बघा.

बाकीच्यांचं पटकन सांगते कारण तेही बऱ्याच जणांनी विचारलंय. कोई तगतात पण खोली लागते, आणि हे लक्षात घ्या की कोईचं माहेर असलेल्या जपानच्या निगाता भागात बर्फ भरपूर पडतो आणि तिथले ब्रीडर आपले चांगले मासे हिवाळ्याआधी मातीच्या तळ्यांतून काढून आत आणतात, तेव्हा महागडा किंवा लहान कोई असेल तर हाच विचार करा. मेडाका म्हणजे जपानी राईस फिश पिटुकला असूनही काटक, पुरेशी खोली असेल तर बर्फाखाली पालापाचोळ्यात राहतो. व्हाईट क्लाउड मिनो 5 अंशांपर्यंत सोसतो पण बर्फाळ हिवाळ्यासाठी तो मासा नाही. पॅराडाईज फिश गारठा बराच सोसतो, मात्र त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते, बर्फ धरणाऱ्या पाँडमधे तो नको.

बाल्कनीत प्लॅस्टिकचा 100 लिटरचा टब आहे, चार गोल्डफिश. राहतील का बाहेर?

पाणी गोठत असेल तर नाही. जमिनीतल्या पाँडला माती ऊब देते, टब चारी बाजूंनी आणि खालून पण थंडी खातो, मग ते 4 अंशांचं वगैरे गणित तिथे लागूच होत नाही, पार तळापर्यंत बर्फ होऊ शकतो. नुसता हलका गारठा असेल, बर्फाची पातळ साय धरण्याइतपत, तर टब जमिनीवरून उचलून थर्मोकोलच्या जाड शीटवर ठेवा, बाजूंना पण शीट गुंडाळा, अर्ध्या पृष्ठभागावर झाकण टाका, वाऱ्याच्या आडोशाला सरकवा. आणि खरं सांगायचं तर 100 लिटरमधे चार गोल्डफिश उन्हाळ्यातही जास्तच आहेत.

मीठ टाकलं की बर्फ होत नाही असं ऐकलंय?

समुद्रात साडेतीन टक्के मीठ असतं आणि ते पाणी उणे 1.9 अंशांना गोठतं. म्हणजे दोनेक अंशांच्या फायद्यासाठी माशांना आणि झाडांना मारायचं. नको.

फिल्टर आणि पंप चालू ठेवू की बंद?

दोन्ही बाजूंनी लोक हिरीरीने भांडतात. माझं म्हणाल तर, हलका गारठा असेल तर चालू ठेवा पण पंप तळावरून उचलून वरच्या भागात आणा, कारण तोच एअर स्टोनचा मुद्दा, आणि धबधबा बंद करा, थंड हवेत पाणी उडवलं की पाँड फार वेगाने गार होतो. कडक बर्फ पडत असेल तर सरळ बंद करा, पाइप आणि यूव्ही युनिट (पाणी साफ ठेवणारा अतिनील दिवा) पूर्ण रिकामे करा, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि यूव्हीची काच तडकते. फिल्टर मीडिया (आतला स्पंज वगैरे) धुऊन ठेवा, बंद फिल्टरमधलं कुजलेलं पाणी नंतर पाँडमधे सोडू नका. सिमेंटचा हौद असेल तर एखादा मोठा रबरी चेंडू तरंगत ठेवा, बर्फाचा दाब भिंतीऐवजी तो थोडा झेलतो.

हे सगळं करायच्या आधीचं काम मात्र कुणीच विचारत नाही. पानगळ सुरू व्हायच्या आधी पाँडवर जाळी टाका (बगळ्यापासून पण वाचतात मासे, थंडीत ते आयतेच सापडतात त्याला), लिलीची पिवळी पानं कापा, जलपर्णी असेल तर पहिल्या दहिवराच्या आत बाहेर काढा कारण ती एकदा मेली की सगळी पाण्यात सडते. गाळ जास्त असेल तर थोडा उपसा, ऐन थंडीत ढवळू नका.

अख्खा हिवाळा नीट गेला आणि ऊन पडायला लागल्यावर चार मासे गेले. असं कसं?

हा काळच सगळ्यात वाईट. पाणी 5-6 च्या वर सरकलं की एरोमोनाससारखे जिवाणू कामाला लागतात, माशांची प्रतिकारशक्ती मात्र पाणी बरंच तापेपर्यंत सुस्त असते, वर महिनोन्महिन्यांचा उपास. स्प्रिंग व्हायरेमिया नावाचा कार्प जातीच्या माशांना होणारा रोग पण 10 ते 17 अंशांमधेच जोर करतो. अंगावर लाल चट्टे, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले, एका कोपऱ्यात पडून राहणं, असं काही दिसलं तर तो मासा वेगळा करा आणि माशांच्या डॉक्टरला दाखवा, अंदाजाने अँटिबायोटिक ओतू नका. स्प्रिंग व्हायरेमिया काही देशांत सरकारला कळवावा लागणारा रोग आहे, त्यामुळे एकदम बरेच मेले तर तपासणी कराच.

खाणं सुरू करायची घाई नको, पाणी आठवडाभर सलग 10 च्या वर राहिलं की व्हीट जर्म, तेही थोडं. फिल्टर सुरू केला तरी त्यातले अमोनिया खाणारे जिवाणू परत जमायला काही आठवडे जातात, तोवर अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट करत राहा, आणि आकडा चढला तर एका वेळी 10-15 टक्केच पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि जवळपास त्याच तापमानाचं. नवीन मासे आणायचे असतील तर पाणी 15 च्या वर स्थिर होईपर्यंत थांबा, आणि आणल्यावरही काही आठवडे वेगळ्या टँकमधे ठेवा.