‘गाडी घसरली’ म्हणू नको

बेटा,

अनेक आशीर्वाद. रविवारी तुला पाहून गेलो, पण खोलीत इतके पाहुणे होते की कामाचं बोलताच आलं नाही. येणारा प्रत्येकजण ‘थोडक्यात वाचला बाप्पा पोट्टा’ म्हणे आणि चहा पिऊन जाई. म्हणून लिहितो. उभ्या ट्रकला मोटारसायकल धडकून पायात रॉड आला आहे, पडूनच आहेस, तर निवांत वाच.

निघताना तुझ्या बाबांनी मला अंगणात बाजूला घेतलं. ट्रकमालकाचा माणूस येऊन गेला म्हणाले. वीस हजार देतो, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या की आमची काही तक्रार नाही. सोबत गावातलेच दोन वजनदार लोक. बाबा म्हणाले, “कोर्टाच्या पायऱ्या कोन चढते भाऊ, वेचणीचे दिवस हायेत.” त्यांचंही खोटं नाही. पण तुम्ही कोणीच सही करू नका.

मी वकिलाचा मुन्शी आहे हे तुला माहीत आहे, पण माझा डावा पाय पावसाळ्यात का दुखतो हे तुला कोणी सांगितलं नसेल. 1994 साली मी लुनावरून वणीकडून येत होतो. कोळशाच्या ट्रकने ओव्हरटेक करताना कट मारला, मी खाली नालीत. मालक वाईट माणूस नव्हता. स्वतः दवाखान्यात आला, माझ्या उशाशी उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी मालकाकडे पाहिलं आणि म्हणालो, गाडी घसरली. डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. मला चार हजार मिळाले, ते दोन महिन्यांत औषधात गेले. पुढे नोकरीला लागल्यावर वकीलसाहेबांना तो कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. बोलले काहीच नाहीत.

म्हणून रविवारी मी आल्या आल्या आधी तुझा केसपेपर मागितला. तुझ्या दोस्ताने डॉक्टरांना खरं सांगितलं, आणि कागदावर ‘रोडवर उभ्या ट्रकला मोटारसायकल धडकली’ असं स्पष्ट आलं आहे. त्या पोराला माझ्याकडून एक चहा पाज. पोलीस आपल्याला लटकवतील म्हणून तो घाबरला आहे, हेही कळलं. त्याला सांग, 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्याने ठरवायचं. पण तो साक्ष द्यायला तयार झाला तर आपलं अर्धं काम झालं.

भरपाईचा दावा केला की ट्रकच्या इन्शुरन्स कंपनीचा वकील पहिलं वाक्य काय बोलेल ते मी आजच सांगतो. ‘ट्रक उभा होता, पोरगा मागून येऊन धडकला, मग चूक कोणाची?’ ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण जिनिंगपुढे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या तुझ्या कारखान्यापुढे, कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा काय होतं ते तू रोज पाहतोस. अर्धा ट्रक डांबरावर, कापसाने भरलेले बोंद्रे दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेले, मागचा लाल दिवा ताडपत्रीखाली झाकलेला. इतरांना धोका होईल अशी गाडी रस्त्यावर सोडायची नाही, असं मोटार वाहन कायद्याचं 122 कलम सांगतं. तेव्हा मागचे दिवे चालू होते का, रिफ्लेक्टर होते का, चाकं डांबरावर किती फूट होती, हे सगळं घटनास्थळ पंचनाम्यात आलं पाहिजे. त्याची नक्कल बाबांनी ठाण्यातून आणावी आणि घरी बसून वाचावी. काही राहिलं असेल तर तुझ्या जबाबात ते स्वतःच्या शब्दांत सांग. दोस्ताने त्या रात्री मोबाइलवर काढलेले फोटो पुसू देऊ नको.

आता बाबांना पटेल असा हिशोब सांगतो. तुझं वय 22. जिनिंगमध्ये महिन्याला बारा हजार मिळतात, म्हणजे वर्षाचे 1,44,000. या वयाला सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा निकालात 18 चा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, ठरवून दिला आहे. गुणाकार 25,92,000. पायामुळे तुझी कमाईची ताकद समजा तीस टक्के गेली असं दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने धरलं, तर 7,77,600. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि भोगलेला त्रास वेगळा. इतकेच मिळतील असं मी म्हणत नाही, कमी-जास्त होतंच. चूक थोडी तुझीही ठरली तर तेवढा हिस्सा कापला जातो. पण वीस हजार कशासमोर ठेवले आहेत ते बाबांना दिसू दे.

एक बारकावा. डॉक्टर दाखल्यावर अपंगत्वाचा जो टक्का लिहितात तो शरीराचा, कोर्ट पाहतं तो कमाईचा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या निकालात हा फरक नीट समजावला आहे. कारकुनाचा पाय अधू झाला तर त्याची खुर्ची जात नाही. तू कापसाच्या गाठी उचलतोस. तेव्हा तुझं नेमकं काम काय, हे जिनिंगच्या लेखी कागदावर यायला हवं. ‘कामगार’ एवढंच लिहून आणू नको.

आणि हे पैसे ट्रकमालकाच्या घरातून जायचे नाहीत. थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे, तो भरलेला असेल तर कंपनी देते. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं. मग मालक वीस हजार घेऊन का फिरतो? त्याला पोलीस केस नको आहे, हंगामात गाडी अडकायला नको आहे. ती त्याची अडचण, तुझी नाही.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयात. ट्रक कुठल्याही जिल्ह्याचा असो, तू राहतोस तिथे दावा करता येतो. मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. मधली बरीच वर्षं अशी मुदत नव्हती, म्हणून गावातले जुने जाणते ‘काही घाई नाही’ म्हणतील. त्यांचं ऐकू नको. ती मुदत 1 एप्रिल 2022 पासून परत आली आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कर, नाहीतर 15100 ला फोन लाव. वॉर्डात येऊन ‘मिळेल त्यात इतके टक्के माझे’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच नमस्कार कर. वकिलाने टक्क्यावर केस घेणं नियमातच बसत नाही. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत तडजोड करायला माझी हरकत नाही, फक्त तिथे एकदा हो म्हटलं की अपील नसतं.

त्या रात्री लोकांनी ड्रायव्हरला दोन-चार ठेवून दिल्या, तेही ऐकलं. मला आवडलं नाही. असं होतं म्हणूनच ड्रायव्हर गाडीसकट पळतात. मग नंबर नाही, विमा नाही, आणि जखमीला तहसीलमध्ये अर्ज करून सरकारचे 50 हजार तेवढे मिळतात, मेला तर घरच्यांना दोन लाख. तुझा ट्रक जागेवर राहिला हे तुझं नशीब.

बाबांना अजून एक विचार, दवाखान्यात कॅशलेसचं कोणी सांगितलं का? रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचा उपचार नेमलेल्या दवाखान्यात मोफत, ही योजना मे 2025 मध्ये लागू झाली. तुझ्या वेळी कोणालाच सुचलं नाही. पुढे कोणावर वेळ आली तर 108 किंवा 112 लावतानाच लक्षात असू द्या.

तू परत गाडीवर बसशील, मी नको म्हटल्याने थांबणार नाहीस. समोरच्याने अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारला की त्या उजेडात पाहू नको, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेव आणि गाडी हळू कर. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. रस्त्यावर निंबाची फांदी किंवा ओळीने दगड दिसले तर पुढे बंद पडलेला ट्रक आहे. ट्रक निघून गेला तरी ते दगड तिथेच राहतात, ते तर जास्त वाईट. मी तरी उतरून बाजूला करतो, लोक हसतात.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. तोवर केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि मेडिकलची पक्की बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईला कोठीत ठेवायला सांग. कापसाच्या ढिगाजवळ नको, तिथे उंदीर आहेत.

तुझा,
काका