शंभर वर्षं टिकल्या, पण आत राहिलं कोण?

तुमचा प्रश्न: "मुंबईतल्या बीडीडी चाळी शंभर वर्षं टिकल्या, मग सरकार गरिबांसाठी आज तशीच स्वस्त घरं का बांधत नाही?"

मी नायगावच्या बीडीडीतला, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळीतला. तिसरा मजला, 160 चौरस फूट, माणसं सात. "टिकल्या" वाचलं आणि मामा आठवले. मामा सिव्हिल इंजिनिअर. दर भाऊबीजेला भिंतीवर थाप मारून बाबांना म्हणायचे, "दाजी, लॉइडसाहेबाचं काँक्रीट आहे हे!"

1987 चा पावसाळा. आई स्टोव्हवरून वरण उतरवत होती आणि छताचा परातीएवढा ढपला ओट्यावर आला. पातेलं उलटलं, आईचा हात मनगटापर्यंत भाजला. वर पाहिलं तर सळया गंजून फुगलेल्या, बोट लावलं की तांबडी पूड. मामा धावत आले, छताकडे बघून म्हणाले, "नुसतं प्लॅस्टर पडलंय, स्लॅबला काही झालेलं नाही." बाबा गप्प बसले. ढपला मात्र त्यांनी खिडकीत ठेवून दिला. त्यात खडी होती. प्लॅस्टरमध्ये खडी नसते.

या चाळी चांगल्या कधीच नव्हत्या. 1920 साली मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड, म्हणजे मामांचे लॉइडसाहेब, यांनी हे डिपार्टमेंट काढलं, त्यासाठी कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर बसवला. बेत 50,000 खोल्यांचा होता. झाल्या 207 इमारती, प्रत्येकीत 80 खोल्या: वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड. काँक्रीट तेव्हा नवं, आणि प्रयोग केला तो मजुरांवर. खिडक्यांनासुद्धा सुरुवातीला काँक्रीटच्याच पट्ट्या! उजेड आत येईना, चुलीचा धूर बाहेर जाईना. वरळीच्या कित्येक चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. 1930 च्या सत्याग्रहात तिथे कैदी ठेवले. काय ते समजा.

हां, एक मान्य करायला हवं. जमीन सरकारची होती म्हणून ऐन शहरात आम्हाला झेपेल असं भाडं होतं. बाबा आयुष्यभर चालत कामावर गेले आणि त्या वाचलेल्या पैशांत ताईचं शिक्षण झालं. आज घ्यायचं असेल तर तेवढंच घ्या: सरकारी जमीन आणि भाड्याची घरं. खोलीचं माप नको, मजल्यावरचे सामायिक संडासही नकोत.

आणि तुमच्याकडे कधी छत पडलंच, तर आधी ढपला उचलून त्यात खडी दिसते का बघा. दिसली, तर "नुसतं प्लॅस्टर" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो सख्खा मामा का असेना.