मॉरिस ही ब्रिटिश कार कंपनी कशी बुडाली? युनियनमुळेच ना? आणि आज जुनी मॉरिस मायनर घ्यावी का?

‘युनियनमुळेच ना’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे या वाक्यावरून दिवाळीचे फराळ वाया गेले आहेत.

वडील लालबागच्या एका गिरणीत. मामा फोर्टातल्या कचेरीत साहेब, दारात काळी मॉरिस मायनर. 1982 च्या संपानंतर मामांचं ठरलेलं: "दाजी, तिकडे मॉरिस बुडवली कामगारांनी, इथे गिरण्या बुडवल्या त्यांनीच." वडील खाली मान घालून चकली खायचे. म्हणून मी बोलतो.

विल्यम मॉरिस मूळचा ऑक्सफर्डचा सायकलवाला. पहिली गाडी 1913 ची. 1921 च्या मंदीत बाकीचे रडत बसले, याने किमती दणकून उतरवल्या आणि 1924 पर्यंत ब्रिटनमध्ये फोर्डला मागे टाकलं. 1948 ची मायनर अ‍ॅलेक इसिगोनिस या डिझायनरची. ऐन वेळी अरुंद वाटली म्हणून नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंच रुंद केली. बॉनेटच्या मध्यावर सपाट पट्टा दिसतो, तो त्यामुळेच.

ही गाडी 16 लाखांच्या आसपास खपली. आणि कंपनीच्या साहेबांनी काय केलं? 1952 मध्ये ऑस्टिन या प्रतिस्पर्धी कंपनीशी लग्न लावलं, पण चुली वेगळ्याच ठेवल्या. 1962 ला मॉरिस 1100 आली, पुढच्या वर्षी तीच ऑस्टिन 1100 म्हणून. जाळी वेगळी, डीलर वेगळा, गिऱ्हाईक तेच. मायनरच्या जागी मरिना यायला 1971 उजाडलं, आणि तिचं पुढचं सस्पेन्शन परत मायनरच्याच धर्तीचं! मधल्या काळात आणखी कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड झाली, 1975 ला सरकारने ताब्यात घेतली, 1984 ला मॉरिस हे नावच पुसलं गेलं. (मॉरिस ऑक्सफर्ड मात्र अँबॅसेडर होऊन कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात 2014 पर्यंत निघत होती.)

आता मामांची गाडी. मायनरच्या पुढच्या चाकाला खाली ट्रुनियन, म्हणजे चाक वळतं तो आट्यांचा सांधा असतो, त्याला दर हजार मैलांनी ग्रीस मारावं लागतं. नाहीतर आटे झिजतात आणि चाक निसटतं. फिटर दर खेपेला सांगायचा, मामा म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." एकदा शीवच्या सर्कलला वळताना डावं चाक कडाडकन आत दुमडलं आणि मडगार्ड टायरवर बसलं. मामांनी उतरून पहिली शिवी फिटरला हासडली. वडील गुडघ्यावर बसले, ग्रीस निपलवरची, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावरची माती नखाने खरवडली आणि ते बोट मामांसमोर धरलं. वंगणाचा डागसुद्धा नाही. तरी घरी गेल्यावर दोष फिटरचाच!

मॉरिसच्या ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात पुढे संप फार झाले, हे खरं आहे. मरिना धड जोडलेलीही नसायची. पण कुठली गाडी काढायची आणि जुनी कधी बंद करायची, हे पाना फिरवणारा ठरवत नाही.

घ्यावी का? जरूर घ्या. सुटे भाग इंग्लंडहून अजून मिळतात. फक्त जॅक लावून पुढची चाकं हलवून बघा, खालचा पत्रा टोचून बघा आणि ग्रीस गन स्वतःची ठेवा. माझा मामेभाऊ सांगेल की या गाडीत जन्मजातच खोट आहे. त्याला आधी विचारा, निपल कुठे असतो.