वाचकांचे प्रश्न : लॉनमधलं तण आणि नवं बी

प्रश्न : बाणेरला घरासमोर साधारण 600 चौरस फुटांचं हरळीचं लॉन आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि मधे मधे टक्कल पडलं. जूनमध्ये दुकानदाराच्या सांगण्यावरून पेंडीमेथॅलिन हे तणनाशक फवारलं आणि आठवड्याने हरळीचं बी टाकलं. बी उगवलंच नाही. जिथे फवारा नीट पोचला नव्हता, तिथे मात्र भलतंच गवत माजलंय. आता बी कधी टाकू आणि तोवर या गवताचं काय करू?

उत्तर : दोष बियाचा नसावा. पेंडीमेथॅलिन जमिनीच्या वरच्या थरात बसतं आणि रुजणाऱ्या बियाचं मूळ तिथेच खुंटवतं. बी तणाचं आहे की तुम्ही पिशवीतून आणलेलं, हा भेद त्याला नाही. मुरलेल्या हरळीला ते सहसा बाधत नाही, म्हणून जुन्या लॉनवर चालतं. पण ज्या मोसमात बी टाकायचं, त्या मोसमात ते आणायचंच नाही. तण हातानेच आवरायचं. 600 फुटांत ते सहज जमतं.

औषधाचा अंमल दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त टिकतो. अंदाजावर जाऊ नका, तपासून घ्या. लॉनमधली वरची इंचभर माती एका पेल्यात भरा, दुसऱ्या पेल्यात औषध न लागलेली माती घ्या. दोन्हींत चिमूटभर हरळीचं बी टाकून पंधरा दिवस ओलं ठेवा. लॉनच्या मातीतली रोपं कमी उगवली किंवा त्यांची मुळं आखूड, टोकाला जाडसर निघाली, तर औषध अजून आहे.

पुण्यात पेरणीसाठी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला सर्वांत बरा वाटतो. जमीन उबदार असते, पावसाळी तणाचा मोठा लोंढा उगवून गेलेला असतो आणि थंडीपूर्वी रोपांना दोन-अडीच महिने मिळतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर टाकू नका. डिसेंबरात हरळी जवळजवळ थांबते आणि कोवळी रोपं तशीच किरकोळ राहतात. तेव्हा चुकलं, तर फेब्रुवारीअखेर टाका, पण उन्हाळाभर पाण्याची खात्री असेल तरच.

आता तण. सध्या एकच काम : त्याला बी धरू द्यायचं नाही. दर आठवड्याला कापा आणि कापलेलं गवत उचलून बाहेर टाका. बुंधा चपटा, पांढरट आणि शेंड्याला नाचणीसारखी बोटं दिसली, तर ती रान नाचणी. ती दबलेल्या जमिनीत माजते, तेव्हा तिथे काटा-पंजाने 3–4 इंच खोल भोकं पाडा, नाहीतर ती परत येणार. पाऊस पडून गेल्यावर खुरप्याने मुळासकट उपटा. सुक्या जमिनीत ती वरूनच तुटते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उघड्या जागा पंजाने खरवडून ओल्या ठेवा. दहा-बारा दिवसांत तणाची हिरवी लव दिसेल. दोन पानांवर असतानाच ते वरवर खरवडून काढा. खोल खुरपू नका, खालचं झोपलेलं बी वर येतं. बहुतेकांचं इथेच चुकतं.

मग हरळी पाऊण इंचावर कापा, साठलेला वाळका थर पंजाने ओढून काढा आणि बी टाका. 100 चौरस फुटांना 40 ग्रॅम पुरे. तुमच्या पूर्ण लॉनला पाव किलोच्या आत भागतं. बी फार बारीक असतं, म्हणून दहापट कोरडी वाळू मिसळून अर्धं उभं, अर्धं आडवं फेका. वर चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर, फार तर पाच मिलिमीटर. त्यात ताजं शेणखत घालू नका, त्यातून तणाचं बी येतं. उगवेपर्यंत दिवसातून तीन-चारदा बारीक झारीने पाणी द्या. सालीचं, म्हणजे टरफल न काढलेलं बी असेल तर उगवायला तीन आठवडेही लागतात.

उगवल्यावर घाई करून सगळं उपटू नका. पान जिथे देठाला मिळतं तिथे डोळ्यांजवळ धरून पाहा. हरळीला तिथे पांढऱ्या बारीक केसांची झालर असते. जमिनीलगत पसरणाऱ्या रुंद पानांच्या गवताला झालरीऐवजी पातळ पापुद्रा असतो. ते काढा. रोपं दोन इंचांची झाली की धारदार पात्याने दीड इंचावर पहिली कापणी करा. चार आठवड्यांनी 100 चौरस फुटांना 50 ग्रॅम युरिया द्या आणि लगेच भरपूर पाणी द्या.

प्रश्न : आमचं लॉन मेक्सिकन गवताचं आहे. त्यातल्या मोकळ्या जागांत दुकानात मिळतं ते हरळीचं बी टाकलं तर?

उत्तर : टाकू नका. हरळी मेक्सिकनमध्ये घुसली की तीच तुमचं कायमचं तण होते. मेक्सिकनच्या चादरीचे दोन-दोन इंचांचे तुकडे कापून चार-सहा इंचांवर दाबून लावा.

प्रश्न : लाल माती टाकल्यापासून लव्हाळा थांबतच नाही. नव्या बियावर 2,4-डी हे तणनाशक मारू का?

उत्तर : नको. 2,4-डी रुंद पानांच्या तणासाठी आहे. त्याने लव्हाळा मुळासकट जात नाही, कोवळी हरळी दुखावते आणि वाऱ्याने उडालं तर शेजारचे टोमॅटो, गुलाब वाकडे होतात. लव्हाळा गवतच नाही : कांडी बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. जमिनीत त्याच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात, त्यामुळे वरून उपटला की खालची गाठ पुन्हा फुटते. बी टाकण्याआधी त्या जागा 6–8 इंच खोदा, माती चाळा, गाठी वेचून उन्हात वाळवा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. ऊसवाले वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक लव्हाळ्यावर चालतं, पण इथे त्याचं लेबल उसासाठी आहे आणि कोवळ्या रोपांवर ते मारायचं नसतंच. पुढच्या वेळी लाल माती ट्रकमधून उतरवण्याआधी मूठभर घेऊन चोळून बघा. काळपट, कडक, हरभऱ्याएवढ्या गाठी हाताला लागल्या, तर ती माती परत पाठवा.