'सेमेटिकविरोध' की 'ज्यूद्वेष'? आणि 'हेट स्पीच'मधलं 'भाषण'

प्रश्न असा आला आहे: ऑनलाइन द्वेषाची नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी मराठीत सूचनापत्र तयार करायचं आहे. 'अँटिसेमिटिझम'ला 'सेमेटिकविरोध' म्हणावं की 'यहुदीद्वेष' की 'ज्यूद्वेष'? 'हेट स्पीच'ला 'द्वेषपूर्ण भाषण' चालेल का? आणि असा मजकूर शोधण्यासाठी शब्दयादी करताना कशाची काळजी घ्यावी?

'सेमेटिकविरोध' सरळ बाद करा. 'सेमेटिक' हा शब्द जर्मन विद्वान श्लोत्सर यांनी १७८१मध्ये एका भाषाकुळासाठी वापरला, नोहाचा मुलगा शेम याच्या नावावरून. त्या कुळात हिब्रू येते, तशी अरबी, आरामाइक आणि अम्हारिकही येते. पुढे १८७९मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकारानं बर्लिनमध्ये 'अँटिसेमाइटांचा संघ' काढला आणि हा शब्द गाजवला. त्याला भाषाकुळाशी काही देणंघेणं नव्हतं. ज्यूंचा द्वेष धर्मातून नव्हे, वंशाच्या 'विज्ञाना'तून येतो असं भासवायला त्याला एक भारदस्त लेबल हवं होतं. म्हणजे शब्दाचे घटक एक सांगतात आणि अर्थ पहिल्या दिवसापासून वेगळाच आहे. "अरबही सेमेटिक, मग ते अँटिसेमिटिक कसे असतील?" हा वाद नेमका या फटीतून उगवतो. इंग्रजीत ही फट बुजवायला 'anti-Semitism'मधली संयोगरेषा काढून 'antisemitism' असं सलग लिहिण्याकडे कल आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०२१मध्ये ती काढून टाकली. आपण घटकशः भाषांतर केलं की त्यांनी पुसलेली रेघ आपण मराठीत पुन्हा ओढतो.

दुसरी अडचण 'विरोध' या शब्दाची आहे. विरोध धोरणाला असतो, कायद्याला असतो, धरणाला असतो; त्यात गैर काही नाही. माणसं अमुक कुळात जन्मली म्हणून जे वाटतं, त्याला मराठीत 'द्वेष' म्हणतात. स्त्रीद्वेष, मुस्लिमद्वेष, ब्राह्मणद्वेष हे शब्द रुळलेले आहेत आणि त्या सगळ्यांत पहिलं पद द्वेषाचं लक्ष्य दाखवतं. त्यामुळे 'ज्यूद्वेष' म्हणजे ज्यूंनी केलेला द्वेष, असं कोणी वाचणार नाही. विशेषण 'ज्यूद्वेषी', व्यक्ती 'ज्यूद्वेष्टा'. एक शब्द, रेघ न देता.

'यहुदीद्वेष' चूक नाही. मराठी बायबलात 'यहूदी'च आहे. पण कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजानं स्वतःसाठी पिढ्यानपिढ्या 'इस्राएल' हेच नाव वापरलं. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. आजच्या मराठी वर्तमानपत्रांत 'ज्यू' जास्त दिसतो, म्हणून शीर्षकाला 'ज्यूद्वेष' घ्या. शब्दयादीत मात्र सगळी रूपं हवीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

'यहुदी' एवढंच शोधलंत तर 'यहुद्यांनी' सापडणार नाही. काही जण 'यहुदींनी' लिहितात, बरेच 'यहुद्यांनी'. सामान्यरूपात 'दी'चा 'द्या' झाला की अक्षरांची साखळीच बदलते. म्हणून 'यहुद' आणि 'यहूद' ही दोन मुळं शोधा. त्यात 'यहूदा' हे बायबलातलं नावही येईल. ते नंतर गाळा.

'ज्यू'चा घोटाळा याहून मोठा आहे. पायथन या संगणकभाषेच्या नेहमीच्या शोधसूत्रांत शब्दाची हद्द दाखवणारी खूण असते. तिच्या लेखी मात्रा आणि उकार ही अक्षरं नाहीतच. त्यामुळे 'ज्यू'च्या पुढे ती खूण लावली, तर ऊकारानंतर अक्षर आलं तरच तिला हद्द 'दिसते'. परिणाम असा की 'ज्यूस' सापडतो आणि मोकळी जागा पुढे असलेला 'ज्यू' निसटतो. जे हवं त्याच्या नेमकं उलट! ही खूण वापरूच नका. 'ज्यू'नंतर काय चालेल ते स्वतः लिहा: मोकळी जागा, विरामचिन्ह, अनुस्वार, किंवा ला, ना, नी, चा, ची, चे, च्या असे प्रत्यय. ऱ्हस्व 'ज्यु'ही घ्या, पण 'ज्युनियर' आणि 'ज्युरी' वगळून. शोधाआधी शून्य रुंदीचे जोडक आणि विलगक (ZWJ, ZWNJ ही न दिसणारी चिन्हं) काढून टाका; काही कळफलक ते 'ज्'नंतर घुसवतात, डोळ्यांना फरक दिसत नाही आणि शोध मात्र कोरा येतो.

नावं आणि ठिकाणं यांची यादी वेगळी ठेवा. अलिबागेत इस्राएल आळी आहे. तिथल्या घरगुती जाहिरातीला 'इस्राएल' शब्दासाठी लाल खूण लागली तर हसं होईल. उलट धोका असा, की धमकी देणारा ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला 'सिनेगॉग' म्हणेलच असं नाही. पुण्यातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग लोकांच्या तोंडी 'लाल देऊळ' आहे. मुंबईत मांडवीचं १७९६चं शाआर हारहमीम 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जातं. एकाच वास्तुप्रकाराला एका शहरात देऊळ, दुसऱ्यात मशीद!

सांकेतिक खुणांनाही जागा द्या. नावाभोवती तिहेरी कंस घालून ज्यूंना 'दाखवून देण्याची' टूम २०१४मध्ये निघाली आणि २०१६मध्ये फोफावली. तसे कंस आपोआप घालणारं एक ब्राउझर-एक्स्टेन्शन गूगलनं त्याच वर्षी जूनमध्ये काढून टाकलं. ८८ हा आकडा 'हाइल हिटलर' या नाझी घोषणेसाठी येतो; इंग्रजीत दोन्ही शब्द एचनं सुरू होतात आणि एच हे आठवं अक्षर म्हणून. पण १९८८ साली जन्मलेल्यांच्या खातेनावांतही ८८ असतो. एकट्या आकड्यावर शिक्का मारू नका; सोबत दुसरी खूण हवी.

इस्रायलवरच्या टीकेचं काय, हे सूचनापत्रात उदाहरण देऊनच सांगा. "इस्रायल सरकारनं मदतीचे ट्रक अडवले, हे अमानुष आहे" हा ज्यूद्वेष नव्हे. "ज्यू असेच, रक्तातच आहे त्यांच्या" हा आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची २०१६ची कार्यव्याख्याही म्हणते, की कुठल्याही देशावर होते तशी इस्रायलवरची टीका ज्यूद्वेष मानता येणार नाही. तिच्यातल्या ११ उदाहरणांपैकी इस्रायलविषयीच्या काहींवर वाद आहे. त्यातूनच ज्यूद्वेषाची पर्यायी व्याख्या देणारं २०२१चं जेरुसलेम घोषणापत्र आलं. कोणती व्याख्या धरलीत ते पहिल्या पानावर लिहा, नाहीतर दोन स्वयंसेवक एकाच पोस्टला दोन खुणा लावतील.

आता 'भाषण'. मराठीत भाषण म्हटलं की व्यासपीठ आणि माइक. मीम, इमोजी किंवा टिप्पणी 'भाषणा'त बसत नाही आणि नोंद करणारा ती सोडून देतो. ऑनलाइनसाठी 'द्वेषमूलक मजकूर' लिहा. सभेतल्या बोलण्याला 'द्वेषमूलक वक्तव्य'. कायद्याचा शब्द तिसराच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या १५३-अमध्ये, गुन्हा आहे तो गटागटांत शत्रुत्व वाढवण्याचा. म्हणून तक्रारीत 'हेट स्पीच' असं मोघम लिहू नका. कलमाची भाषा वापरा, आणि दुवा, तारीख-वेळ, खात्याचं न बदलणारं ओळखनाव व स्क्रीनशॉट हे सगळं 'रिपोर्ट' दाबण्याआधी जपून ठेवा. मजकूर उतरला की पुरावाही गेला.

'मॉनिटरिंग'ला 'पाळत' नको, तो पोलिसी शब्द आहे, 'देखरेख' पुरे. 'काउंटर'ला 'प्रतिवाद'. पण प्रतिवाद लिहिताना मराठी वाक्यरचना दगा देते, कारण आपला नकार शेवटी येतो. "ज्यूंनी सगळ्या बँका ताब्यात घेतल्या आहेत हे खरं नाही" हे व्हॉट्सअ‍ॅपच्या झलकीत 'आहेत'पाशी तुटू शकतं आणि तुमच्याच नावानं अफवा पुढे जाते. तेव्हा 'खोटं:' हा शब्द वाक्याच्या तोंडाशी घाला, किंवा बँका कोणाच्या मालकीच्या आहेत तेच आधी लिहा.