खिडकीबाहेरची मेट्रो आणि बारावीची मुलगी

नागपुरातील वर्धा मार्गावरील तुमच्या घराच्या खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो, गाडी गेली की बारावीतील मुलीची मान वर होते आणि गाडी येणार हे ठाऊक असूनही तिला नजर आवरत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. शेजारी बसून तुम्ही तिला ‘तिकडे बघू नकोस’ असे बजावता. तरीही फरक पडत नसल्याने तिने वैद्यकीय प्रवेशाचा विचार सोडावा का, हा तुमचा प्रश्न आहे.

एवढ्यावरून तिची दिशा बदलू नका. व्यत्यय येणार हे माहीत असणे आणि तो टाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेफ मोहर आणि हॉवर्ड एगेथ यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागींना कोणत्या रंगाकडे दुर्लक्ष करायचे हे आधीच सांगितले, तेव्हा त्यांचे अवधान आधी त्याच रंगाकडे गेले आणि मगच तो बाजूला सारला गेला. तुमची सूचना नेमके हेच करत असावी, म्हणून ती आजपासून थांबवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सरावाने मात्र बरेच साधते. ॲमस्टरडॅमच्या बेंची वांग आणि यान थ्यूवेस यांच्या 2018 मधील प्रयोगांत लक्ष विचलित करणारी आकृती बहुतेक वेळा एकाच जागी येत असे. हळूहळू त्या जागेचा त्रास कमी झाला आणि बहुतेकांना असा काही नियम आहे याची जाणीवही नव्हती. मात्र त्याच जागी शोधायची वस्तू आली, तर तीही उशिरा सापडे. प्रयोगशाळेतील हे फरक सेकंदाच्या अंशांचे असतात, त्यामुळे घरच्या अभ्यासाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही मेज रोज एकाच जागी ठेवावे, पूल कायम एकाच बाजूला राहील असे बसावे आणि सूत्रांचा तक्ता त्या बाजूच्या भिंतीवर लावू नये, असे मी सुचवेन. खोली बदलायचीच असेल तर एकदाच बदला. दर आठवड्याला जागा बदलली तर ही सवय पुन्हा घडवावी लागू शकते.

ही सवय त्या जागेपुरतीच असू शकते, हेही ध्यानात ठेवा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत 180 प्रश्नांसाठी 180 मिनिटे मिळतात आणि परीक्षेचा वर्ग तिला सर्वस्वी नवा असेल, म्हणून काही सराव परीक्षा तिने शहरातील अनोळखी अभ्यासिकांमध्ये पूर्ण वेळ लावून सोडवाव्यात. खिडकी नसलेल्या, शांत जागीही तिचे लक्ष सातत्याने तुटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. वैद्यकीय शाखेचा निर्णय तिला जीवशास्त्राची किती ओढ आहे, रुग्णसेवेचे काम तिला झेपेल असे तिला स्वतःला वाटते का आणि सराव परीक्षांतील गुण काय सांगतात, यांवर तिच्याशी बोलूनच घ्यावा.